सरुबाईसाठी खणलेली कबर

बिदरजवळ नौबादच्या ख्रिस्ती वस्तीत तेव्हा बावीस घरे होती. कबर खणायला पगारी माणूस नव्हता. कुणी गेले की प्रत्येक घरातून एक गडी यायचा आणि पाळीपाळीने खणायचे. पहिला टिकाव मात्र नरसिंगानेच मारायचा, हे ठरून गेलेले. तो जांभ्याच्या खाणीवर दगड कापणारा. पहार कुठे लावली की जमीन सुटते आणि कुठे नुसती ठिणगी उडते, हे त्याला पायाखाली कळायचे. नौबादचा सगळा माळ जांभ्याचा. ओल असेतोवर हा दगड साबणाच्या वडीसारखा कापला जातो आणि एकदा ऊन-वारा लागला की लोखंड होतो. उन्हाळ्यात साडेचार फूट खोल जायला दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चार गडी लागत.

असे काम करणारा माणूस मरणाला भीत नसेल, असे लोक धरून चालत. खरी गोष्ट उलटी होती. मरणाला भिणारा त्याच्याइतका दुसरा माणूस नौबादेत नव्हता.

त्याचा बाप पिराजी खाणीत दरड अंगावर येऊन गेला तेव्हा नरसिंग नऊ वर्षांचा होता. लोकांनी पिराजीला चादरीत गुंडाळून आणले. चादर तोकडी होती. तोंड झाकले तर पाय उघडे पडत, पाय झाकले तर तोंड. शेवटी कुणीतरी तोंडावर ओढली आणि पोराला बापाचे तांबड्या मातीचे पाय तेवढे दिसले. त्या दिवसापासून नरसिंग कधी तोंडावर पांघरूण घेऊन झोपला नाही. पौषाच्या थंडीत सगळी वस्ती गाठोड्यासारखी पडलेली असायची, पण याचे नाक बाहेर. उन्हाळ्यात दुपारी तोंडावर माशा बसायच्या, तरी हा उपरणे ओढायचा नाही. बायको शोभाबाई थट्टा करायची, तो हसण्यावारी न्यायचा. कारण मात्र सांगायचा नाही.

खणणाऱ्यांची एक जुनी रीत होती. वस्ती ख्रिस्ती होण्याच्याही आधीची. शेवटचा टिकाव मारून गडी वर आला की त्याने मागे वळून बघायचे नाही, आणि तयार कबरेत पुन्हा पाय ठेवायचा नाही. पेटी वरूनच दोरांनी सोडायची. इतर गडी ही रीत कधी पाळत, कधी विसरत. नरसिंगाने ती एकदाही मोडली नव्हती. ईस्टरच्या पहाटे चर्चची मंडळी कबरस्तानात जमून पुनरुत्थानाची गाणी म्हणे तेव्हा सगळ्यात मोठा आवाज त्याचा असायचा. पण गाणे संपता संपता त्याची नजर कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर जायची. आता इथे कोण?

त्याची आई सरुबाई मात्र अगदी वेगळ्या मातीची. पोर नऊ वर्षांचे असताना कुंकू गेले, मग तिने दगडाच्या पाट्या वाहून त्याला मोठे केले. शिकलेली नव्हती. पण वस्तीत कुणाचा शेवट जवळ आला आणि माणूस भ्यायला लागला की तिलाच बोलावणे यायचे. ती उशाशी बसायची, बेसूर आवाजात गाणे म्हणायची, तळपाय दाबायची. तिचे बोलणे ठरलेले होते. "भिऊ नको बाबा. दारापतुर मी येते, पुढं तो हाय." दाराच्या पुढे काय असते हे तिला कुणी विचारले नाही, आणि तिनेही कधी वाढवून सांगितले नाही.

एकोणीसशे एकाहत्तरच्या मे महिन्यात सरुबाईच आजारी पडली. ताप डोक्यात गेला. बिदरच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवले आणि शुक्रवारी डॉक्टरांनी सांगितले, आता घरी न्या. त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. शनिवारी पहाटे तिची वाचा गेली, घशात घरघर लागली. चर्चच्या पाळकांनी येऊन प्रार्थना केली.

मग मंडळीतले वडील माणूस बळीराम गुरुजी नरसिंगाला बाजूला घेऊन गेले. नौबादच्या मंडळीत रविवारी जमिनीला टिकाव लावत नसत. म्हातारी शनिवारी रात्री गेली तर रविवारी खणता येणार नाही, आणि वैशाखाच्या उन्हात सोमवारपर्यंत देह ठेवता येणार नाही. तेव्हा आजच खणून ठेवलेले बरे, असे गुरुजींनी हळू आवाजात समजावले. नरसिंगाला ते पटले नाही, पण खोडताही येईना. मापासाठी त्याने रीतीप्रमाणे जोंधळ्याचा एक धाट आणला आणि बेशुद्ध आईच्या डोक्यापासून पायापर्यंत लावून मोडला. चार गड्यांनी दिवसभर खणले. दिवस मावळताना नरसिंग शेवटचा वर आला आणि मागे न बघता घरी गेला.

रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजत असताना सरुबाईने डोळे उघडले आणि आंबील मागितली.

चार दिवसांत ती भिंतीला टेकून बसायला लागली, पुढच्या आठवड्यात काठी धरून चालायलाही. भेटायला आलेल्या एका बाईच्या तोंडून तिला खणण्याची गोष्ट कळली. नरसिंगाला वाटले आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे. सरुबाईने त्याला जवळ बोलावून विचारले, "माप नीट घेतलास का रे? का बापाच्या चादरीसारखं केलास?"

तो बाहेर निघून गेला. तिने मात्र हसत विचारले होते.

आता प्रश्न उघड्या कबरेचा होता. पाळकांनी स्पष्ट सांगितले, बुजवून टाका. सगळ्यांनी माना हलवल्या आणि कुणीच गेले नाही. रिकामी कबर रिकामी बुजवली तर पहिली पाटी टाकणारा आपल्याच घरातले कुणी पुरतो, असे जुने लोक म्हणत. शास्त्र वाचणाऱ्या घरांतही हे चुलीपाशी बोलले जायचे. बळीराम गुरुजी नरसिंगाला म्हणाले, खड्डा तुझ्या हातचा, तूच बुजव. पण तुमचा मुलगा मदतीला पाठवा, असे नरसिंग म्हणाल्यावर गुरुजींना एकदम शाळेचे काम आठवले. पाळक दोन दिवस गावोगावच्या मंडळ्या बघायला गेले ते दोन आठवडे आले नाहीत.

खाणीवर नरसिंगाचा जोडीदार बंडेप्पा होता. लिंगायत, वयाने मोठा, मनाने चांगला. भीती दाखवावी असा त्याचा हेतू नव्हता, उलट नरसिंगाला वाचवावे असेच त्याच्या मनात होते.

"आमच्यात बसवून पुरतेत, तुमच्यात निजवून," तो म्हणाला. "पर खड्डा तो खड्डाच. रिकामा खड्डा उपाशी ऱ्हात न्हाई, नरसिंगा. ज्यानं तोंड उघडलं त्याच्याच घरातलं मागतंय."

नरसिंगाने मनात घरची माणसे मोजली. त्याच्या घरात तिघे होते. तो, आई आणि शोभाबाई. आणि शोभाबाईला सातवा महिना लागला होता.

तिची तीन बाळंतपणे आधी झाली होती. एक मूल दोन दिवस जगले, एक दहा दिवस, एक मेलेलेच आले. तिघांच्या कबरी त्यानेच खणल्या होत्या, तासाभरात होण्याएवढ्या लहान. आता चौथ्या वेळी तिच्या पायांना सूज चढत होती, सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. नरसिंग तिच्या पायांकडे बघायचा आणि त्याला माळावरची ती लांबट काळी जागा दिसायची. खाणीवर जायची वाट कबरस्तानाजवळून होती. तो आता लांबचा वळसा घालून जायला लागला. शेजारची एक शेळी त्या आठवड्यात मेली तेव्हा त्याला क्षणभर बरे वाटले, की झाले, भागले. संध्याकाळी शोभाबाईला उलटी झाली आणि शेळीने काही भागले नाही हे त्याला कळले.

अखेर त्याने बंडेप्पाला उपाय विचारला. बंडेप्पाने सांगितले की अमावस्येला भर दुपारी, माणसाची चाहूल नसताना, त्या खड्ड्यात कुंकू लावलेला कोहळा आणि काळी कोंबडी टाकायची आणि वरून माती लोटायची. कोंबडी टाकायला नरसिंगाचा जीव धजेना. कोहळ्यावर भागव, म्हणून त्याने बंडेप्पाला गळ घातली. बंडेप्पा नाइलाजाने म्हणाला, करून तर बघ. नरसिंगाने बिदरच्या बाजारातून कोहळा आणला आणि खाणीवर हत्यारांच्या पेटीत लपवून ठेवला. देवाची मनातल्या मनात माफीही मागून ठेवली.

अमावस्येच्या दुपारी माळावर चिटपाखरू नव्हते. खांद्यावर फावडे, हातात पिशवी. झाडे नव्हतीच, पायाखाली दगड तापलेला. कबरेपासून दहा पावलांवर तो थांबला. जवळ जायचे, आत न बघता कोहळा टाकायचा, माती लोटायची, असे त्याने घोकून ठेवले होते. तो डोळे वर ठेवून काठापर्यंत गेला. पण कोहळा नेमका खड्ड्यात पडावा म्हणून त्याला एकदा खाली बघावेच लागले.

आत त्याची आई निजली होती.

पांढऱ्या लुगड्याचा पदर तोंडावर ओढलेला. हात छातीवर. तांबड्या मातीने भरलेले पाय उघडे.

त्याच्या हातातली पिशवी पडली. सकाळी चूल पेटवताना जिला पाहिले ती इथे कशी आली, कधी गेली, कुणी आणली, काही सुचेना. एवढेच कळत होते की खड्ड्याने वाट बघितली नाही.

"कोण हाय?" पदराखालून आवाज आला. "नरश्या, तू हाईस का?"

सरुबाईने पदर बाजूला केला आणि उन्हाने डोळे बारीक करून वर बघितले.

"माझी जागा बघायला आले हुते. खणायच्या येळी तू पाय ठेवायला खाच केलास न्हवं, तिच्यावरनं उतरले. गार हाय हितं. जरा आडवी झाले तर डोळा लागला. आता गुडघे उठू देईनात. ये, मला वर काढ."

"माय, मी बंडेप्पाला आणतो," तो कसाबसा म्हणाला.

"बंडेप्पा येस्तोवर मी खरंच मरीन, मंग तुझी एवढी मेहनत कामाला येईल. उतर खाली."

"तयार कबरेत उतरत न्हाईत, माय."

"मी उतरले की. मला काय झालं?"

तो काठावर हात टेकून बसून राहिला. खाली आई, वर ऊन. नऊ वर्षांच्या पोराला वाटली होती तशीच भीती त्याला अडतिसाव्या वर्षी वाटत होती, केसाइतकीही कमी झालेली नव्हती. सरुबाईने घाई केली नाही. शेवटी आई अशी पडून राहणे सहन होईना म्हणून, धीर आला म्हणून नव्हे, त्याने खाचेत पाय ठेवला. उतरताना डोळे मिटले होते. खाली दोघांना जेमतेम जागा होती. भिंती त्याच्याच टिकावाच्या खुणांनी भरलेल्या. पंधरा दिवसांच्या उन्हाने त्या कडक झाल्या होत्या. त्याने आईला धरून बसते केले, तेव्हा तिने त्याचा हात सोडला नाही.

"बाप गेला तवापासून तू भेतोस, मला ठावं हाय," ती म्हणाली. "तोंड उघडं टाकून निजतोस तेबी ठावं हाय. मी कधी बोलले न्हाई. मला वाटलं, वय झालं की जाईल."

"खड्डा मागायलाय, माय. शोभाला मागायलाय."

"खड्ड्याला तोंड न्हाई रे, मागंल कुठनं?" तिने हाताने भिंत थोपटली. "बोलवणारा येगळा हाय. आन् तो असल्याच जागी एकदा निजला हुता. तिसऱ्या दिशी उठून गेला. आतनं दार उघडून गेला, तवापासनं ते लागलंच न्हाई. शोभाचं काय हुईल मला ठावं न्हाई. चांगलंच हुईल असं म्हणून मी तुला फसवणार न्हाई. पर जे हुईल ते ह्या खड्ड्यामुळं हुणार न्हाई. त्याच्या हातातनं हुईल."

नरसिंगाला हे सगळे ऐकून माहीत होते. चर्चच्या बाकावर बसून पटलेही होते. पण साडेचार फूट खाली, दोन्ही खांद्यांना भिंती लागत असताना, त्याने ते प्रथमच ऐकले.

वर आल्यावर म्हातारीची नजर पिशवीवर गेली. कोहळा घरंगळून बाहेर आला होता, कुंकवाचा ठिपका उन्हात चमकत होता. तिने ठिपका बघितला, लेकाचे तोंड बघितले, मग पदराने कुंकू पुसून काढले.

"चांगला पिकलाय," ती म्हणाली. "सांडगे हुतील."

दुसऱ्या दिवशी शोभाबाईने गच्चीवर सांडगे घातले. कोहळा कुठून आला, हे तिने विचारले नाही. कबर बुजवायची नाही, असे सरुबाईने सगळ्यांना सांगून टाकले. खणलेली जागा माझी आहे, मी मेल्यावर लागणारच आहे, पुन्हा कशाला खणता? बंडेप्पा आणि नरसिंगाने मिळून चार शहाबादी फरशा आणून तोंडावर टाकल्या. बंडेप्पाने फरशा लांबूनच सरकवल्या.

नरसिंगाची भीती गेली नव्हती. थोडी खाली बसली होती एवढेच. आषाढात, दिवस भरायला तीन आठवडे असताना शोभाबाईला कळा लागल्या आणि ती पुन्हा उसळून वर आली. बैलगाडीतून बिदरच्या दवाखान्यात नेले. दुपारपर्यंत काही होईना. नर्स एकदा बाहेर आली आणि डॉक्टरांना बोलवायला धावत गेली. व्हरांड्यात नरसिंग आणि बंडेप्पा दोघेच होते. सरुबाई आत सुनेच्या पायाशी बसली होती, आणि तिचे बेसूर गाणे दारातून ऐकू येत होते. ते गाणे ती कुठे म्हणते हे नरसिंगाला माहीत होते.

बंडेप्पा त्याच्या कानाशी आला. "माझी सायकल हाय. अर्ध्या तासात नौबाद गाठतो. कोंबडं घेतो, फरशी सरकवतो, टाकून येतो. पाप लागलं तर मला लागंल. तू फकस्त व्हय म्हण."

नरसिंगाने दाराकडे बघितले. व्हय म्हणायला एक श्वास पुरला असता. करणार दुसराच होता, बघणारे कुणी नव्हते, आणि शोभाबाई वाचली तर विचारणारेही कुणी नव्हते. त्याला कबरेतली भिंत आठवली, तिच्यावर थोपटणारा आईचा हात आठवला. त्याला धीर आला नाही.

"न्हाई, अण्णा," तो म्हणाला. "जाऊ नको. माझ्याजवळ बस."

म्हणून टाकल्यावर त्याला अधिकच भीती वाटली. आता काही विपरीत झाले तर ते या एका शब्दाने झाले, असे आयुष्यभर वाटत राहील, हे त्याला दिसत होते. तरी त्याने शब्द मागे घेतला नाही. बंडेप्पा बसला. दोघे जवळ जवळ बसून राहिले, एकमेकांकडे न बघता. बंडेप्पा आपल्या गळ्यातले लिंग मुठीत धरून काहीतरी पुटपुटत होता.

चारच्या सुमारास मुलगी झाली. अंगाने वीतभर, निळसर, रडायला वेळ लावणारी. शोभाबाईला दोन दिवस शुद्ध नव्हती. पण दोघी जगल्या. आजीने नातीचे नाव जीवनाबाई ठेवले.

बंडेप्पा नंतर म्हणाला, बघ, तुझ्या देवाने ऐकलं. नरसिंगाने मान हलवली, पण त्याच्या मनात एक हिशेब जुळत नव्हता. पोर वाचली नसती तर मी काय म्हटलं असतं? हे त्याने आईला विचारले. सरुबाई म्हणाली, "तू त्या दिशी न्हाई म्हणलास, ते पोर वाचायच्या आधी म्हणलास. तेवढं धरून ऱ्हा."

तो तेवढे धरून राहिला. जीवनाबाईला गोवर आला, शोभाबाईला एकदा विंचू चावला, प्रत्येक वेळी माळावरच्या त्या चार फरशा त्याच्या डोळ्यांपुढे यायच्या. पण दर उन्हाळ्यात एकदा तो फरशा सरकवून आत उतरायचा, पावसाने वाहून आलेला गाळ काढायचा आणि वर यायचा. पहिल्या वर्षी त्याने बंडेप्पाला काठावर उभे केले होते. तिसऱ्या वर्षापासून तो एकटाच जायला लागला. खाणीच्या वाटेचा वळसाही केव्हातरी सुटला.

सरुबाई आणखी अकरा वर्षे जगली. एकोणीसशे ब्याऐंशीच्या श्रावणात एका सकाळी आंबील पिता पिता तिने वाटी खाली ठेवली आणि भिंतीला मान टेकली. त्या वेळी कुणाला टिकाव उचलावा लागला नाही. फरशा काढल्या तेव्हा आतल्या भिंती घडवलेल्या दगडासारख्या टणक होत्या. पेटी दोरांनी सोडायला लोक सरसावले. नरसिंग त्यांना थांबवून आधी स्वतः आत उतरला, खालून पेटीला हात दिला आणि ती सरळ बसवली. मग पेटीच्या पायाशी वाकून तो तिथेच थोडा थांबला. वरून तीन-चार हात पुढे आले होते.

"येतो," तो म्हणाला. "घाई न्हाई."

वर आल्यावर त्याने मागे वळून बघितले. नीट, डोळे भरेपर्यंत. जुन्या लोकांनी एकमेकांकडे पाहिले.

घरी येऊन त्याने अंघोळ केली, दोन घास खाल्ले आणि ओसरीवरच्या बाजेवर आडवा झाला. श्रावणातली दुपार, उघडीप पडलेली, माशांचा घोंगावा. थोड्या वेळाने शोभाबाई पाणी घेऊन बाहेर आली आणि तिच्या हातातला तांब्या हिंदकळला. नवऱ्याने उपरणे डोक्यावरून तोंडभर ओढून घेतले होते. अकरा वर्षांच्या जीवनाबाईनेही असे कधी पाहिले नव्हते, ती दारातच उभी राहिली.

शोभाबाईने भीत भीत हाक मारली. दोनदा.

"माशा हाईत," उपरण्याखालून नरसिंग म्हणाला, आणि कुशीवर वळला.